चर्चमधली हाळी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मोखाड्याला शाळेत विज्ञान शिकवते. अंगात येण्यावर मुलांकडून दर वर्षी नाटुकलं बसवून घेते, आणि स्टाफरूममध्ये कोणी 'परवा घाटात एक बाई दिसली...' असं सुरू केलं की सगळ्यात आधी मीच हसते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय. पण लिहिते.

माझं माहेर पोशेऱ्याचं. घर टेकाडावर, शेत खाली उतारावर. तिन्हीसांजेला स्वयंपाक झाला की आई अंगणाच्या कडेच्या मोठ्या दगडावर उभी राहायची आणि शेतातल्या बाला — म्हणजे माझ्या वडिलांना — हाळी द्यायची. पण नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हणून ती माझं नाव घ्यायची. 'शेवंतेऽऽ!' शेवटी सूर वर नेऊन तोडायची. खालून बा म्हणायचा, 'आलो गंऽ!' लहानपणी एकदा मी तिच्या पायाशीच उभी होते, मी म्हटलं 'ओ', तर हसून म्हणाली, "तू गप. तुला नाय बोलावला."

शाळेच्या दाखल्यावर माझं नाव सुनीता आहे. शेवंती मी फक्त त्या दोघांची. माझं लग्न झालं, मी मोखाड्याला आले, तरी पोशेऱ्याच्या टेकाडावरून रोज संध्याकाळी माझं नाव जातच राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. आणि बाने घरी येणं सोडलं. म्हणजे भांडण वगैरे काही नाही — अंधार पडला तरी खळ्यावर बसून राहायचा. भावजय जाऊन घेऊन यायची, "मामा, जेवायला चला." यायचा, दोन घास चिवडायचा, उठायचा. पार वाळला. डॉक्टर म्हणाले आजार कसलाच नाही, पण असंच चाललं तर हिवाळा काढणं कठीण आहे. मी रागावले तर म्हणाला, "बोलावल्याबिगर कसा येव? कधी आलूं नाय."

मग एके दिवशी मीच त्या दगडावर चढले आणि माझंच नाव घेऊन ओरडले. बा आला खरा. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "येडी. सोताच्याच नावानं वरडतंस?" जेवला मात्र नाही.

डिसेंबरात माझ्या मुलीचा, प्रणालीचा, फोन आला. ती वसईला नर्सिंग शिकते. रूममेटने तिला चर्चच्या गायकांमध्ये ओढलं होतं, आणि नाताळच्या आठवड्यात त्यांचा कार्यक्रम होता. "आज्याला आण," म्हणाली. नातीपुढे बाचं काही चालत नाही. जीपने मोखाडा, तिथून जव्हार, मग एसटी... बाने वाटेत चहाशिवाय काही तोंडात घातलं नाही.

चर्च पोर्तुगिजांच्या काळातलं, जाड दगडी भिंतींचं. गाणी चार-पाचशे वर्षांपूर्वीची, लॅटिनमधली. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे. अर्धे गायक पुढे वेदीपाशी, अर्धे मागे दाराच्या वरच्या माळ्यावर. पुढचे एक ओळ गायचे, मागचे तिला उत्तर द्यायचे. मला वाटलं बा पेंगेल. तो तर ताठ बसून एकदा पुढे, एकदा मागे बघत होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "समदा कळतं माना. या डोंगरावरून हाळी देतात, त्या डोंगरावरून जाब येतं."

शेवटच्या गाण्यात सगळे एका सुरावर येऊन थांबले. गाणं शिकवणाऱ्या सरांचे हात अजून वरच होते, म्हणून टाळ्या नव्हत्या. चर्च अगदी शांत. आणि त्या शांततेत डाव्या अंगाला, वरून —

'शेवंतेऽऽ!'

सूर वर गेला आणि तुटला. मी मान वळवायच्या आत बा उभा राहिला होता. "आलो गंऽ!" खणखणीत, शेताच्या आवाजात.

माणसं वळून बघायला लागली. मी त्याला धरून बसवलं. त्याचा चेहरा... काय सांगू. आई गेल्यापासून तो चेहरा मी पाहिला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर सर आमच्याकडेच आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, "आजोबांना काही बोलू नका. मला एवढंच विचारायचंय, वर कोण गेलं होतं? आमच्या सुरालाच धरून हाक मारली कुणीतरी." त्यांनी डावीकडच्या छोट्या लाकडी सज्ज्याकडे बोट केलं.

प्रणाली म्हणाली, "सर, तिथे कोण जाणार? वाळवी लागली म्हणून जिना केव्हाच काढलाय."

"तेच तर," सर म्हणाले. "शेवंती कोण?"

मी म्हटलं, "मी." शेवंती म्हणजे मी, हे प्रणालीलासुद्धा ठाऊक नव्हतं.

त्या रात्री रूममेटच्या आईकडे बाने भात आणि माशाचं कालवण खाल्लं, आणि ताट पुढे करून परत मागितलं. मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले आणि पोटभर रडून घेतलं.

आता बा दिवस मावळायच्या आत आपापला घरी येतो, जेवतो. संक्रांतीला गेले तेव्हा विचारलं, "आता कोण बोलावतं?"

"येकदा बोलावला ना. रोज रोज कशाला येल ती येवढ्या लांब?" मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला बी आयकू आला?"

"हो."

"मंग तू ओ का नाय दिली? नाव तं तुझा होता."

मी बरीच डोकेफोड केली. गर्दीत दुसरी कोणी शेवंती असेल, दगडी भिंतींचा काही खेळ असेल... पण तो शेवटी वर नेऊन तोडलेला सूर?

पोशेऱ्याला गेले की तिन्हीसांजेला मी आईच्या दगडावर जाऊन उभी राहते. आजूबाजूला कोणी नाही असं बघते, आणि हळूच म्हणते, 'ओ.'