दोरीच्या अलीकडे, पाण्याचा गडवा घेऊन

माझं अक्षर कच्च्या टाक्यासारखं आहे, ओळीत राहत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचं तर मला चौथीपर्यंत उमगलं नाही आणि पुढे शाळाच नव्हती. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं उरली होती, त्यावर लिहिते आहे. कोणी वाचावं म्हणून नाही. पण चुकून कोणाच्या हाती पडलंच, तर चुकांकडे पाहू नका, माणसाकडे पाहा, एवढंच मागणं आहे.

त्यांना जाऊन सव्वा महिना झाला. बातमी आली तेव्हा मी मशीनवर बसले होते. अमरावतीहून अकोल्याला येणारी सकाळची मोटर आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबली. तिथे ती कधी थांबत नाही. डायवर उतरला, माणसं तशीच आत बसलेली, आणि तो सरळ आमच्या दारात आला. त्याने टोपी काढून हातात धरली. त्या रस्त्यावरचे सगळे डायवर त्यांना ओळखत. "वहिनी..." एवढंच म्हणाला आणि टोपीकडेच पाहत राहिला. मी पायाखालची पट्टी थांबवली नाही. ब्लाउजची बाही अर्धी झाली होती, ती मी पूर्ण शिवली, मग उठले. मी असं का केलं ते मला अजून कळत नाही. लोकांनी ते पाहिलं आणि नंतर बोललेही.

त्यांचं नाव गुलाब. लग्नाला चौदा वर्षं झाली, ते नाव माझ्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. आमच्या नांदगावकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या घरातल्या किती जुन्या गोष्टी सुटल्या, देव सुटले, उपास सुटले, ही मात्र माझ्या जिभेला धरूनच राहिली. कागदावर लिहायला जीभ लागत नाही, म्हणून इथे गुलाबराव लिहिते.

गुलाबराव अकोल्यात मोटर-स्टँडमागे रहीम मिस्त्रींच्या गॅरेजात काम करत. तेव्हा ते बिडीला हात लावत नसत. पण सिगारेटींबद्दल त्यांच्याइतकं कोणी बोलत नसेल. दुरुस्तीला आलेल्या गाडीत थोटकं सापडत, त्यावरून ते मालक ओळखायचे. जेवताना मला सांगत, "पिवळ्या पाकिटातली ओढते न, तो माणूस घासाघीस करते पण रोख देते. डब्यातली ओढणारा वकील. तो 'उद्या या' म्हणते." लाल पट्टीवाली ओढणाऱ्याची गाडी ते आधी हातात घेत. का, तर तो चहा पाजतो. रहीम मिस्त्री बिडी ओढत हसायचे, "गुलाब, तू ओढत तर नाई, पण वास घेऊन कुंडली मांडतं लेका."

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या मैदानावर फटफटींची शर्यत झाली. गुलाबराव मिस्त्रींची जुनी फटफटी घेऊन उतरले आणि पहिले आले. कोणाला वाटलं नव्हतं, त्यांनाही नाही. दुसऱ्या दिवशी एक शेठ गॅरेजात आले. पतंग छाप सिगारेटची एजन्सी त्यांच्याकडे होती. नवीन सिगारेट होती, कोणी घेत नव्हतं. शेठ म्हणाले, कंपनी तुला स्वतःची फटफटी घेऊन देते, तू आमचा शर्ट घालून पळव. अकोला, अमरावती, जिथे जत्रा तिथे. फटफटीचे साडेसातशे रुपये तुझ्या नावावर मांडून ठेवू. शर्ट अंगावर आहे तोपर्यंत ते मागणार नाही. शर्ट उतरवला, की सगळे द्यायचे. शेठ गोड बोलायचे, उगाच खोटं कशाला लिहू. गुलाबरावांनी अंगठा नाही, सही केली.

शर्ट पांढरा आला होता, पाठीवर काहीच नव्हतं. शेठनी चित्र दिलं आणि मी माझ्या लग्नातल्या निळ्या लुगड्याचा काठ कापून पाठीवर पतंग शिवला. शेपटी लांब केली, कमरेपर्यंत. गुलाबराव आरशाकडे पाठ करून मान वळवून वळवून पाहत होते. मी एवढं सुंदर काम आयुष्यात दुसरं केलं नाही.

एक अट आम्हाला नंतर कळली. फेरी संपली की पाणी प्यायचं नाही. आधी लोकांसमोर पतंग छाप पेटवायची, दोन झुरके घ्यायचे, फोटोवाल्याकडे पाहून हसायचं, मग बाकी काय ते. शेठ म्हणत, धुळीतून निघालेला माणूस पहिलं काय मागतो ते लोक पाहतात. पहिल्या वेळी गुलाबरावांना असा ठसका लागला की लोक हसले. रहीम मिस्त्रींनी एक ओढून पाहिली आणि थुंकले, "अबे गुलाब, ये सिगरेट है के सुतली?"

मी शर्यतीला जायचे. बायका थोड्याच असत, दोरीच्या अलीकडे, एका बाजूला. माझ्या हातात पाण्याचा पितळी गडवा असायचा, वर ओला फडका. फेरी संपायची, धूळ खाली बसायची, आणि ते गाडीवर बसूनच इकडे तिकडे पाहायचे. मला शोधत. तेवढ्यात शेठचा माणूस काडी पेटवून उभा. मधे दोरी आणि दोरीपलीकडे हजार माणसं. मी कधी दोरीखालून गेले नाही. माझे पायच उचलायचे नाहीत. लहानपणापासून मी अशीच, दुकानात कोणी उभं असलं तर बाहेर थांबणारी.

घरी आले की म्हणायचे, "अवं, दिसत नाईस तू मले त्या गर्दीत. एक डाव हाक मारत जा न."

"काय म्हणून मारू?"

"नावानं. गुलाब म्हन. तू हाक मारली न, तं ते सिगारेट फेकून मी पयले तुह्याकडे येतो. शेठ गेला उडत."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बाई बोलते बाप्पा!"

आम्ही दोघं हसायचो. पुढच्या शर्यतीला मी पुन्हा गडवा धरून उभी, तोंड बंद. भोंग्यावरून ओरडणारा म्हणायचा, "पतंग छाप पहिला! पतंग छापला टाळ्या!" गुलाब तायडे असं तो कधी म्हणाला नाही. त्याच्या तोंडात नाव नव्हतं आणि माझ्याही तोंडात नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रात्रंदिवस तेच सुचतं.

महिन्याला पतंग छापचे दोन डबे घरी यायचे, चहाच्या टपऱ्यांवर फुकट वाटायला. आधी वाटायचे. मग एक डबा घरात राहू लागला, मग दोन्ही. दोन वर्षांत असं झालं की सकाळी चुलीच्या आधी सिगारेट पेटायची. ज्या माणसाने सगळ्या छापांची चेष्टा केली, तो म्हणू लागला, "बाकीच्यायले काई दम नाई. पतंगच खरी." मला राग यायचा त्यांचा नाही, त्या वाक्याचा. ते त्यांचं वाक्य नव्हतं, शेठचं होतं.

खोकला आला तो गेला नाही. मी म्हटलं, "सोडा न हे. गॅरेजातलं काम आहे आपलं."

"शर्ट उतरवला का साडेसातशे. कुठून आणू? तूच सांग."

फटफटी परत करू म्हटलं तर शेठ म्हणाले, वापरलेली गाडी कोण घेईल, रुपये द्या. तेव्हा गुलाबराव मला म्हणाले होते, "एक-दोन साल अजून, मंग सोडतो." मी हो म्हणून मान हलवली. ती मान मी हलवायला नको होती.

अमरावतीची शर्यत शेवटची. तिसऱ्या फेरीला, वळणावर, त्यांना खोकल्याची उबळ आली. मी पाहिलं. पाठीवरचा पतंग एकदा वाकला, दुसऱ्यांदा वाकला, आणि गाडी सरळ दोरीच्या खुंट्यांवर गेली. माणसं बाजूला झाली म्हणून वाचली. गाडीचा पुढचा भाग दुमडला, पुन्हा कधी सरळ झाला नाही, भंगारात गेली. गुलाबराव मातीत उताणे पडले होते.

त्या दिवशी मी दोरीखालून गेले. पदर कुठे, काय, मला माहीत नाही. हजार माणसांतून धावले. गडव्यातलं अर्धं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. चार वर्षं जे अंतर मला जमलं नव्हतं ते मी धावत कापलं आणि त्यांच्या डोक्याजवळ बसले. गडवा ओठांना लावला. म्हटलं, "पाणी प्या. अवो, मी आली. पाणी प्या."

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. हाताने गडवा बाजूला केला, हळूच, ढकलला नाही. म्हणाले, "थांब... आधी एक दे."

शेठचा माणूस तिथे नव्हता. कोणी काडी धरलेली नव्हती, फोटोवाला नव्हता. ते त्यांना स्वतःलाच हवं होतं. खिशातलं पाकीट मीच काढलं. काडी मीच ओढली. माझ्या हातातली ती पहिली आणि शेवटची काडी... याहून जास्त मला लिहिता येत नाही.

गळ्याजवळचं हाड जुळलं, पण श्वास जुळला नाही. डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती ओढता? गुलाबराव म्हणाले, "कामापुरती, डाक्टरसाहेब." डॉक्टर हसले नाहीत. मीही नाही. गुलाबरावांनी मात्र माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला, जणू गॅरेजात कोणा वकिलाची कुंडली मांडली.

पुढची दोन वर्षं कधी घर, कधी अमरावतीचा दवाखाना. शर्यत सुटली म्हणजे शर्ट उतरलाच, असा शेठनी निरोप पाठवला आणि साडेसातशे मागितले. मी ब्लाउज शिवून दर महिन्याला जेवढे जमतील तेवढे नेऊन देत होते. एजन्सी मैदानाच्या पलीकडे आहे. मी एका चिठ्ठीवर गुलाबरावांचं नाव आणि रक्कम लिहायचे, नोटा त्यात गुंडाळायचे आणि तिथल्या मुनीमजींपुढे सरकवायचे. ते लिहून घेत. दोन वर्षांत मी तिथे एक शब्द बोलले नाही. शिवणामुळेच शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात नव्हते. शेवटची भेट झाली तेव्हा त्यांना खिडकीजवळची खाट मिळाली होती. खाली रस्त्याने एक फटफटी गेली. डोळे मिटूनच म्हणाले, "प्लग खराब आहे त्याचा." थोड्या वेळाने म्हणाले, "पैसे किती राह्यले?" मी सांगितलं, थोडेच. म्हणाले, "तुले लय तरास दिला मी." मी त्यांना नावाने हाक मारू शकले असते. खोलीत चार आजारी माणसं होती, चारच. मी पांघरूण नीट केलं आणि मोटरची वेळ झाली म्हणून निघाले.

शर्ट घरी खुंटीला आहे. धुतला, तरी कॉलरला तो वास आहे. गडवा मी रोज सकाळी घासते, भरते आणि उंबऱ्याजवळ ठेवते. संध्याकाळी ते पाणी तुळशीला नाही, आमच्याकडे तुळस नाही, दारच्या कडुनिंबाला घालते. मुलगी विचारते, "आई, हे कोणासाठी?" मी म्हणते, असू दे.

काल शेवटचे तीस रुपये घेऊन निघाले. चिठ्ठी लिहायला बसले होते, पण लिहिली नाही. मैदानातून गेले. कोणी नव्हतं, दोरी नव्हती, बकऱ्या चरत होत्या. जिथे बायका उभ्या राहायच्या तिथून जिथे गाड्या थांबायच्या तिथपर्यंत मी चालत गेले. अंतर फार नाही. मला ते फार वाटायचं.

एजन्सीत पाच-सहा माणसं उभी होती, सगळ्यांच्या हातात धूर. मी आत गेले. पैसे ठेवले. मुनीमजींनी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"चिठ्ठी नाई आणली," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग नाव सांगा बाई. कोणाच्या नावावर मांडू?"

मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो मला वाटलं त्याहून फार मोठा. मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाईल असा.

"गुलाब! गुलाब सखाराम तायडे!"

धूर ओढणारी माणसं वळली. रस्त्यावरचा एक माणूस थांबला. कोणी आलं नाही.

"हळू बोला बाई, मी काई बहिरा नाई," मुनीमजी म्हणाले. मग त्यांनी नोटा मोजल्या, दौतीत टाक बुडवला आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याहून चांगल्या अक्षरात लिहिलं: गुलाब सखाराम तायडे. पूर्ण पावले. बाकी काही नाही.