कांद्याच्या वॅगनमध्ये

मालगाडीची वॅगन गळते का, हे ती रिकामी असताना तपासतात. आत जायचं, दारं लावून घ्यायची आणि छतातून कुठे उजेड येतो का ते पाहायचं. मला हे आठवलं कांदा भरून झाल्यावर. माझे मामा कांद्याचे आडते, ते लग्नाला गेले होते आणि नाशिकरोडच्या मालधक्क्यावर सगळा कारभार माझ्या हाती! आभाळ भरून आलं होतं. मी ऐटीत पोत्यांवर चढलो आणि छताखालून सरपटत पार टोकाला पोहोचलो.

"दारं लावा रे!" मी फर्मावलं.

"मालक, कांद्याला हवेसाठी दार फटीनं उघडं ठेवत्यात. फटीत बांबू बांधतो," खालून एक हमाल म्हणाला.

"पाणी शिरेल. लावा गच्च!"

दोन्ही बाजूंना हमालांच्या वेगवेगळ्या टोळ्या होत्या. दोन्ही टोळ्यांनी आपापलं दार ओढलं. तेवढ्यात पाऊस कोसळला. मी पलीकडून उतरलो असेन, असं या टोळीला वाटलं आणि त्या टोळीलाही तसंच वाटलं.

आत मी मोठ्या समाधानात होतो. उजेडाचा एक ठिपका नाही! वॅगन अगदी भक्कम. "उघडा आता," म्हणालो. पत्र्यावर पाऊस असा बडवत होता की माझा आवाज मलाच ऐकू येईना. मग जोराचा हिसका बसला. इंजिन लागलं होतं.

गाडी हलली तशी एक पोतं माझ्या पायावर कलंडलं. अंधार, आणि कांद्याची ती उबट वाफ. डोळ्यांतून धारा. आधी त्या कांद्यामुळे होत्या, नंतरच्या माझ्या स्वतःच्या. पोती हात लावावा तिथे कोमट लागत होती, एखादं मोठं जनावर शेजारी पडून श्वास घेत असावं तशी. आणि तो श्वास माझ्याच वाट्याचा होता. ओरडलो की धाप लागे, म्हणून ओरडणं सोडलं. एका पायातली चप्पल काढून पत्र्यावर आपटत राहिलो. हळूहळू हात जड झाला.

इगतपुरीला घाटाआधी गाडी थांबली. खाली चाकं तपासणाऱ्याच्या हातोड्याची टकटक ऐकू आली. मी चपलेनं उलट टकटक केली. हातोडा थबकला.

"कोण हाय रे आत? माणूस का भूत?"

"अजून माणूस आहे! लवकर उघडा!"

त्यानं सील तोडून दार सरकवलं. मी पोत्यांवरून सरपटत दाराशी आलो आणि बाहेर पडलो तो ओंडक्यासारखा. पावसात आ वासून नुसता पडून राहिलो. तो हसून हसून वाकला. "लय कांदे पाहिले, पण चप्पल घातलेला पहिलाच!"

पुढच्या इंजिनानं शिटी दिली. "घाटात दार उघडं चालत नाय. या, जोर लावा."

मी दाराला हात लावला. आतून तोच कोमट वास अंगावर आला आणि हात आपोआप मागे आला.

"आता काय?"

"थांबा," मी म्हणालो. उघड्या दारातून आत तोंड घालून अंधारात विचारलं, "आत आणखी कुणी आहे का?"

तो हसायचा थांबला. हातातला हातोडा तसाच धरून तोही कान देऊन उभा राहिला.