ताईच्या कारखान्यातली गरम भिंत

माझी बायको रोह्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. थर्मल कॅमेरा घेऊन पॅनेल, मोटारी, पाइप तपासायचे आणि कुठे काही नको तितकं तापत असेल तर आधीच सांगायचं, हे तिचं काम. मी शिवणयंत्रं दुरुस्त करतो. यंत्र बिघडलं की उघडून बघायचं, एवढंच मला ठाऊक. न उघडता आतलं कसं कळतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते ताईकडे.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, हमरापूरला दिलेली. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती, तेव्हा तिचा फोन आला.

"अरे, बोर्डाशेजारची भिंत गरम लागते. कान लावला तर आतून घूं घूं वाजतं. वायरमननं बोर्ड बदलला तरी तसंच. खाली पेंढा हाय, थिनरचे डबे हायेत. पेटलं तर काय उरायचं नाय रे."

मी फोन बायकोकडे दिला. तिने शांतपणे चार गोष्टी विचारल्या, पेंढा आणि डबे त्या भिंतीपासून लांब हलवायला सांगितले. साहेबांना विचारून कॅमेरा घेतला आणि आम्ही रोह्याशेजारच्या वरश्याहून बाइकवर निघालो. खांब, नागोठणे ही गावं मागे टाकून पेणजवळ हमरापूरला पोचेपर्यंत दुपार कलली होती.

मला वाटलं, आता ती कॅमेरा लावेल आणि सांगून मोकळी होईल. तिने भिंतीवर हात ठेवला, बाहेर जाऊन ऊन कुठून येतं ते पाहिलं आणि म्हणाली, "आत्ता नाही. या भिंतीवर दुपारभर ऊन असतं, सगळीच तापलेली दिसेल. सकाळी बघू, गार असताना."

भावोजी अस्वस्थ झाले. "वहिनी, एक नजर टाका तरी."

"टाकते, पण त्यावरून काही बोलणार नाही," ती म्हणाली. बोर्डाचे सगळे सांधे मात्र तिने तेव्हाच तपासले. सैल किंवा तापलेला एकही नव्हता.

सकाळी कारखान्यात चांगलाच गारवा होता. रंग न चढलेल्या पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यामधल्या अरुंद वाटेने ती अंग चोरून पुढे गेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर गार भिंत सगळी जांभळी, आणि बोर्डाच्या बाजूला परातीएवढा तापलेला पिवळा डाग. मधोमध तर पांढराच.

"इथे मागे काय आहे?" तिने विचारलं.

"जुनी खिडकी होती. आतून प्लाय मारला, बाहेरून पत्रा," भावोजी म्हणाले.

"मेन स्विच बंद करा. घरातलं सगळंच."

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. बोर्ड, होल्डर, पंख्याचं बटण, जे जे किंचित उबदार दिसत होतं ते हळूहळू भिंतीच्या रंगात मिसळून गेलं. तो डाग होता तसाच राहिला.

"वीज नाही ही," ती म्हणाली.

"मग काय हाय गो?" दारात उभ्या असलेल्या ताईच्या सासूबाईंनी विचारलं.

"अजून नाही माहीत मावशी." कुठलाही आव न आणता तिने हे सांगितलं. मग प्लायला कान लावून बराच वेळ ऐकलं आणि तिथे बोटाने हलकेच टकटक केलं. घूं घूं क्षणभर वाढली आणि पुन्हा खाली आली. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "चला, बाहेर चला."

कोवळं ऊन पडलं होतं. पत्र्याच्या कोपऱ्यात बोटभर फट होती आणि तिच्यातून बारीक मधमाशा ये-जा करत होत्या.

"सातेरी माशा हायत!" सासूबाई एकदम ओरडल्या. "आणि आमी विजेला शिव्या देतोय!"

ताई हसायला लागली आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. थंडीत पोळं उबदार ठेवायला माशा अंग थरथरवतात, त्याचीच ती ऊब, असं बायकोने तिला समजावलं. भावोजींनी औषध फवारायचं काढलं, तेव्हा मात्र ती ठाम झाली. "त्यांना काही करू नका. नेणारा कुणीतरी असेलच."

होताही. डोंगराकडच्या वाडीत मधाच्या पेट्या ठेवणारे एक काका सासूबाईंच्या माहितीतले निघाले. त्यांनी प्लाय काढला तेव्हा आत पोळ्याचे पडदे एकामागे एक लटकत होते, कॅमेऱ्यात डाग दिसला होता अगदी तिथेच. काकांनी ते अलगद कापून पेटीत बसवले. अंधार पडताना माशा सगळ्या आत शिरल्या, तसे ते पेटी घेऊन गेले. खिडकी भावोजींनी नंतर विटांनी पक्की बुजवली.

तेव्हापासून दरवर्षी रंगकाम सुरू व्हायच्या आधी वायरिंग तपासायला हमरापूरहून तिला बोलावणं येतं. ताईच्या शेजारचे दोन-तीन कारखानेही ती बघून देते. मी बाइक चालवतो आणि तिथे गेल्यावर तिचं स्टूल धरून उभा राहतो. ती वर चढून एकेक सांधा बघते. मध्येच कुणी विचारतं, "काय दिसतं वहिनी?" खात्री पटेपर्यंत ती उत्तर देत नाही. मला तिची ती गप्प उभी राहण्याची पद्धत फार आवडते.