सगळ्यांना हवी आयरिश आजी

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावात रोज सकाळी काही म्हातारी माणसं छातीएवढ्या पाण्यात उभी राहून हातपाय हलवतात. गुडघ्यांना बरं असतं म्हणे. त्यांतली एक मी. पोहण्याचा पोशाख अंगावर चढवायला मला सत्तरी गाठावी लागली, पण आता लाजबीज काही वाटत नाही. पाण्यात शिरलं की सगळेच सारखे गोल दिसतात.

माझ्या शेजारी एक इंग्रज गृहस्थ उभे असतात. तेही माझ्यासारखेच लेकीकडे राहायला आलेले. सभ्य, बोलके आणि सदा दुःखी. दुःखाचं कारण त्यांनीच स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंय. ब्रेक्झिटच्या वेळी ह्यांनी मोठ्या अभिमानाने ‘बाहेर पडा’ म्हणून मत दिलं. देश बाहेर पडला. आणि मग कळलं की स्पेनमध्ये समुद्रकाठी ह्यांचं जे चिमुकलं घर आहे, तिथे आता पाहुण्यासारखं जायचं, ठरलेले दिवस झाले की सामान बांधायचं.

“मग मत कशाला दिलंत?” मी विचारलं.

“तेव्हा हे कोणी सांगितलं नव्हतं.”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

ते पाण्याखाली गेले. वर आल्यावर म्हणाले, “मला फक्त एक आयरिश आजी हवी.”

हे दुखणं एकट्या त्यांचं नव्हे. आयर्लंड युरोपातच राहिलं. त्यामुळे ज्या ब्रिटिश माणसाची आजी आयर्लंडात जन्मली, त्याला आयरिश पासपोर्ट मिळतो आणि युरोपचं दार पुन्हा उघडतं. ज्या आज्यांची उभ्या जन्मात कोणी विचारपूस केली नाही, त्यांना आता नातवंडं शोधत सुटली आहेत. आमच्या गृहस्थांना मात्र एक पणजी सापडली, तीही संशयित. पणजी चालत नाही.

“माझी मुलगी बेलफास्टची,” मी सहज बोलून गेले. “म्हणजे जन्माने.”

त्यांच्या नाकात पाणी गेलं. बेलफास्ट आयर्लंडच्या बेटावर, पण राज्य ब्रिटनचं.

आता इथे मला माझ्याच तरुणपणीच्या त्या बाईची ओळख करून द्यायला हवी. तेवीस-चोवीस वर्षांची, पुण्याची, नाक वर. नवरा डॉक्टर, त्याला नोकरी मिळाली बेलफास्टच्या इस्पितळात. मी आधी नकाशात पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. ‘लंडनला चाललेय’ असं सगळ्या पेठेत सांगून झालं होतं. चुलत सासूने तर विमानतळावर नेसायला स्वतःची पैठणी दिली होती. आता बेलफास्ट म्हणजे काय सांगायचं? तिथे बॉम्ब फुटतात एवढंच लोकांना ठाऊक. म्हणून मी सांगितलं, “लंडनच्या जवळच आहे.” मध्ये एक अख्खा समुद्र आहे हे मी कोणाला सांगितलं नाही, आणि कोणी नकाशा काढला नाही. मुलगी झाली, दीड वर्षांची असताना आम्ही परत आलो, आणि मी बिनदिक्कत तिला ‘आमची लंडनची’ करून टाकली. शाळेत कोणी विचारलं की ती बिचारी खरं गाव सांगायची, आणि मी मागून म्हणायची, “लंडनजवळ हो!” केवढी ऐट! लंडन तोवर मी विमान बदलताना पाहिलं होतं, तेही काचेतून.

मुलगी पुढे शिकायला खरोखरच इंग्लंडात गेली, जन्माच्या आधारावर ब्रिटिश पासपोर्ट मिळवला, मग नोकरीनिमित्त सिंगापूरला आली. जावई जुरोंग आयलंडवर इंजिनिअर आहेत. सकाळी कंपनीच्या बसने जातात, संध्याकाळी भूक घेऊन येतात आणि घरातल्या कुठल्याही वादात पडत नाहीत, म्हणून मला फार आवडतात. इथे आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या पासवर राहतो. मुलगी-जावयाचा नोकरीचा पास, माझा भेटीला आलेल्या आईचा. कोण कुठला हे इथे कार्डावर लिहिलेलं असतं, त्यामुळे कोणी त्यावर फार डोकं शिणवत नाही.

डोकं शिणवायची वेळ आणली नातीने.

समुद्र वर चढतोय, जमीन कशी वाचवायची, हे तिचं वेड. इथल्या किनाऱ्यावर मैत्रिणी सेल्फी काढतात तेव्हा ही भिंतीची उंची बघत बसते. तिला नेदरलँड्समध्ये एक शिक्षणक्रम सापडला. निम्मं वर्ष वर्गात, निम्मं वर्ष प्रत्यक्ष बंधाऱ्यांवर काम. तिची निवडही झाली. अट एकच: युरोपात काम करायचा हक्क पाहिजे. तिच्याकडे आईमुळे मिळालेला ब्रिटिश पासपोर्ट होता. ब्रेक्झिटपूर्वी तेवढ्यावर काम झालं असतं. आता तो तिथे आमच्या भेटीच्या पासइतकाच कामाचा. दोन महिन्यांत कळवलं नाही तर जागा दुसऱ्याला.

वाट एकच होती. बेलफास्टला जन्मलेल्या माणसाला ब्रिटिश म्हणवून घेता येतं, आयरिश म्हणवून घेता येतं, किंवा दोन्ही. पण आधी आईने ‘मी आयरिश’ म्हणायला हवं, मगच लेकीला म्हणता येणार. आणि आई म्हणेना.

“ममा, जस्ट अप्लाय लाह,” नात म्हणाली. इथल्या पोरांच्या वाक्याला ‘लाह’ची शेपटी असतेच.

“कशाच्या जोरावर? मला त्या गावातला एक दगड आठवत नाही. इतकी वर्षं एका देशाचा पासपोर्ट वापरला, आता तो आखूड पडायला लागला म्हणून दुसरा? दुकान आहे का ते?”

“सगळे तेच करतायत!”

“म्हणूनच मला करायचं नाही.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि आई, तू तर काही बोलूच नकोस. जे गाव सांगायची तुला लाज वाटायची, ते आता कामाचं झालं म्हणून मी आपलं म्हणू?”

मी दहीभात खात होते. खातच राहिले.

तिच्यात हा ताठा आला कुठून ते विचारू नका. पण तिचं चुकत होतं असंही मला म्हणता येईना. नात खोलीत जाऊन बसली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसांत मी बातम्या जरा जास्तच बघायला लागले. ब्रिटनच्या संसदेत दुपारी आरडाओरडा चालतो तेव्हा आमची रात्रीची जेवणं चालू असतात. मध्यंतरी तर असा काळ होता की मी घातलेलं लिंबाचं लोणचं मुरायच्या आत पंतप्रधान बदलायचे. ह्या सिंगापुरात बस दोन मिनिटं उशिरा आली तर माणसं घड्याळ बघतात, आणि इथे राज्य करायला शिकवून गेलेले लोक स्वतःच्या घरात चपला शोधत फिरतायत, हे बघून मला आसुरी का काय म्हणतात तो आनंद होई.

बेलफास्टची गत तर आणखीनच न्यारी. समजा, भावाभावांची वाटणी झाली. थोरला, म्हणजे ब्रिटन, वेगळा निघाला. पण त्याची एक खोली धाकट्या आयर्लंडच्या वाड्यातच राहिली. आता त्या खोलीला दार कुठे बसवायचं? धाकट्याच्या बाजूने बसवलं तर जुनी भांडणं उकरली जाणार. म्हणून शहाण्यांनी दार बसवलं समुद्रात! मग इंग्लंडातलं झाडाचं रोप बेलफास्टला न्यायचं तरी कागदपत्रं. त्यावर खोलीतली निम्मी माणसं रुसली, आणि रुसून आपलंच सरकार बंद करून बसली. चांगली दोनेक वर्षं. पगाराचं काय झालं ते मी विचारलं नाही, ब्लडप्रेशर आहे मला.

एका रविवारी आम्ही तिघी जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, नाश्त्याला गेलो. मायलेकी एकमेकींशी ‘मीठ दे’ एवढंच बोलत होत्या. तेवढ्यात आमचे इंग्रज गृहस्थ कोपीचा, म्हणजे इथल्या दाट गोड कॉफीचा, कप घेऊन टेबलाशी आले आणि बसले. त्यांना घरातलं काही ठाऊक नव्हतं. “त्या काळात बेलफास्टला तुम्ही राहिलात तरी कशा?” ते मला म्हणाले. “भीती नाही वाटली?”

“मला कुठली? गल्लीलाच माझी वाटली,” मी म्हटलं. आणि जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं.

निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, मूल झालं की नाळ इकडेतिकडे टाकायची नाही, घराच्या जमिनीत पुरायची. मुलगी झाली, काही दिवसांनी नाळ गळून पडली. मी ती हळदकुंकू लावून फडक्यात गुंडाळली आणि गोळ्यांच्या पत्र्याच्या छोट्या डबीत घातली. पण आमच्या भाड्याच्या घरामागे सगळं सिमेंट. माती होती ती मागच्या बोळात, भिंतीच्या कडेला. हिवाळ्याची दुपार, तीन वाजताच अंधारून आलेलं. मुलीला शेजारणीकडे ठेवून मी निघाले. साडीवर नवऱ्याचा ओव्हरकोट, डोक्याला मफलर, हातात खणायला स्वयंपाकघरातलं उलथनं.

“आई!” मुलीने कपाळाला हात लावला. पुढचं तिला कळलं होतं.

गस्तीवरच्या ब्रिटिश सैनिकांची तुकडी गल्लीच्या तोंडाशी होती. त्यांनी काय पाहिलं? लांब कोटातली एक आकृती भिंतीशी बसून पत्र्याची डबी पुरतेय. ‘बॉम्ब!’ म्हणून ओरडा झाला. मी उलथन्यासकट हात वर केले. पाच मिनिटांत अख्खी गल्ली घराबाहेर काढली. ब्लँकेट गुंडाळलेले म्हातारे, अर्ध्या गालाला साबणाचा फेस लावलेला एक माणूस, शाळेतून आलेली पोरं. पोरं तेवढी खूश होती. मुख्य सैनिकाने विचारलं, “डबीत काय आहे?”

नाळेला इंग्रजीत काय म्हणतात, मला कुठे ठाऊक? मी आठवून आठवून म्हटलं, “माझ्या मुलीचा एक तुकडा.”

इंग्रज गृहस्थांच्या हातातला कप टेबलावर आला. नात म्हणाली, “आजी, नो!”

“त्या सैनिकाचा चेहरा पांढराफटक पडला. मग आमची शेजारीण धावत आली, हिला काखेत मारून. ही टाहो फोडत होती, अख्खीच्या अख्खी. शेजारणीने सगळ्यांदेखत हिचं झबलं वर केलं आणि बेंबीवर बोट ठेवलं. तिला दहा मुलं. तिला सांगावं लागलं नाही.”

“सगळ्यांदेखत?” मुलगी म्हणाली.

“सैन्यासकट. मग म्हणाली, इथे काय पुरतेस, कुत्री उकरतील. माझ्या परसात आण. बटाट्याच्या वाफ्याशेजारी तिने स्वतः फावड्याने खड्डा केला. मी नमस्कार केला, तिने छातीवर क्रूस काढला, आणि त्या अर्ध्या फेसाच्या माणसाने माती ढकलली. त्यानंतर गल्लीत कोणीही भेटो, माझी विचारपूस नाही, तुझीच करायचे. आमची पोर कशी आहे? झोपते का? हिच्यापायी आम्ही थंडीत कुडकुडलो, दात आला का तिला?”

मुलगी हसत होती. इतकी, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मग हसता हसताच चिडली. “आणि हे मला आत्ता सांगतेस? मी पंचेचाळीशी ओलांडल्यावर?”

“असलं लंडनमध्ये होत नाही ना गं. सांगणार कशी?”

तिने डोळे पुसले. प्लेटमधल्या डोशाचे बारीक बारीक तुकडे करत राहिली. मग विचारलं, “आमची पोर म्हणायचे?”

“सगळी गल्ली.”

नातीने आपल्यातला अर्धा डोसा आईच्या प्लेटमध्ये ठेवला.

“माझी कुठे पुरली असेल हो?” गृहस्थ हळूच म्हणाले.

“पुरली असती तर आज ही वेळ आली नसती,” मी म्हटलं. ते इतके खजील झाले की शेवटी त्यांची दुसरी कोपी आमच्या मुलीने आणली.

सोमवारी संध्याकाळी तिने अर्ज केला. मला बोलावलं नाही, दारही लावलं नाही. नातीने संस्थेला विनवून थोडी मुदत वाढवून घेतली. आधी आईचा पासपोर्ट आला, मग लेकीचा, अगदी काठावर. ज्या दिवशी लेकीचा आला त्या दिवशी जावईबापूंनी वादात पहिल्यांदा भाग घेतला. म्हणाले, “आता घरात मी एकटाच परदेशी.” मला त्यांनी बेलफास्टचीच धरलं असावं.

ऑगस्टअखेर नात गेली. पोचल्याचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी टेबलाशी बसून वाटच बघत होतो.

“इतका उशीर का गं?” तिच्या आईने विचारलं.

“विमानतळावर पासपोर्टच्या चुकीच्या रांगेत उभी राहिले, ममा. सवयीने. ब्रिटिश लोकांची रांग इतकी लांब होती, आणि शेजारची युरोपवाल्यांची रिकामी.”

“मग तिकडे गेली नाहीस?”

“कळलं तोवर एक म्हातारी इंग्रज बाई माझ्याशी गप्पा मारायला लागली होती. गुडघे दुखतात म्हणाली. मी तिची बॅग धरली होती. तिला टाकून कशी जाणार?”

“किती वेळ उभी होतीस?”

“पाऊण तास, आयरिश पासपोर्ट हातात धरून. जाताना ती म्हणाली, माझ्या नातीला शोधून काढ, इन्स्टाग्रामवर. आजी, तुला हसायला काय झालं?”