दुधाच्या रांगेतलं मधलं पोर

लढाईच्या महागाईत नगरच्या काही मंडळींनी मिरजगावात पोरांसाठी दूधकेंद्र काढलं. देवळाच्या ओवरीत रोज सकाळी दूध मिळे. पोरांची वजनं करायला लोकर तोलायचा माझा काटा नेला, पण केंद्राच्या कमिटीत मला घेतलं नाही. मी मेंढरांचा व्यापारी, तोंडाचा फटकळ. काटा चालत होता, तोंड चालत नव्हतं. हे मी अजून विसरलेलो नाही.

उन्हाळा संपता संपता नगरहून एक साहेब तपासणीला आले. केंद्र पुढे चालवायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं. कमिटीचे प्रमुख शाळेचे हेडमास्तर. त्यांनी वाढलेल्या वजनांची बेरीज केली, तिला पोरांच्या संख्येने भागलं आणि दर पोरामागे शेरभर वजन वाढल्याचं सांगितलं. साहेब खूश झाले.

मला ते शेरभर पटेना. मी खालच्या आळीत राहतो. तिथल्या पोरांच्या बरगड्या रोज दिसत होत्या. बाजारात कोणी कळपाची सरासरी सांगू लागला की मी ऐकत नाही. चार दांडगी जनावरं सगळ्या मरतुकड्या मालाची सरासरी वर ओढतात. मी कळप थोरापासून लहानापर्यंत ओळीने उभा करायला लावतो आणि मधल्या जनावरावर हात ठेवून बोलणी सुरू करतो.

साहेबांना म्हटलं, वजन वाढल्याच्या क्रमाने पोरं तशीच उभी करा. हेडमास्तर संतापले.

"अहो, ही पोरं आहेत, मेंढरं नव्हेत."

"मेंढरं असती तर तुमी फसला नसता, गुरुजी."

साहेब हसले आणि ओळ लावायला सांगितली. बरोबर मधलं पोर खालच्या आळीतलं निघालं. त्याची वाढ जेमतेम पावशेर. त्याच्या वरच्या बाजूला बहुतेक वरची आळी, खालच्या बाजूला सगळी आमची.

कारण गावाला ठाऊक होतं. दुधाची रांग गावजेवणाच्या पंगतीसारखी मानाने लागायची. वरच्या आळीला सायीचं दूध मिळे. आमची पाळी येईपर्यंत ते पुरावं म्हणून पातेल्यात पाणी पडलेलं असे. कोणी दुष्टाव्याने केलं असं नाही. दुसरी रांग कशी लावायची, हे कोणाला सुचलंच नव्हतं. मी साहेबांना म्हणालो, एक दिवस या टोकाने वाटा, एक दिवस त्या टोकाने. माझा आवाज चढला, हेडमास्तरांचाही चढला. साहेबांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि गेले.

महिन्याभरात निरोप आला. निम्म्याहून अधिक पोरांना उपयोग नाही, सबब केंद्र बंद.

वरची आळी माझ्याशी बोलेनाशी झाली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण त्या मधल्या पोराची आई दारात येऊन उभी राहिली.

"दादा, पातळ हुतं, पन दूध हुतं की."

मी तिला हिशेब समजावू लागलो. ती ऐकायला थांबली नाही. मी रांग बदला म्हणालो होतो, केंद्र बंद करा म्हणालो नव्हतो. हे मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत आलो आहे आणि निम्मे लोक अजून मान्य करत नाहीत.

पुढे पावसाळाभर आमच्या शेळीचं दूध तिच्या घरी जात होतं. आमच्याकडे दुभती शेळी एकच होती. त्या दुधात एकाच पोराचं भागलं.