तीन तारा आणि आईची गाठ

भिंत न फोडता तार ओढून देते, असं मी छातीठोकपणे सांगून बसले होते. भवानी पेठेतल्या एका काकांनी वरच्या खोलीसाठी एसी घेतला होता आणि जुनी तार त्याला पुरणार नव्हती. तारेचा पाइप भिंतीच्या आत, भिंतीला रंग नुकताच दिलेला. काका म्हणाले, "बघ हां. न्हाय जमलं तर पेठेत परत कुणी बाईला वायरिंगला बोलवायचं न्हाय."

हसत म्हणाले, पण खरंच होतं ते. आमच्या भागात मी एकटीच बाई वायरमन. माझी चूक माझ्यापुरती राहत नाही.

तार ओढायला दोन माणसं लागतात, एक खालून सोडायला आणि एक वरून ओढायला. मी आईला नेते. तीस वर्षं ती यंत्रमागावर होती. कारखाना बंद झाल्यावर घरी बसून माझं डोकं खायची, म्हणून न्यायला लागले, खोटं कशाला सांगू.

युक्त्या मला भरपूर येतात आणि त्यांचा मला अभिमान आहे. पाइप रिकामा असेल तर दोऱ्याला प्लास्टिकच्या पिशवीचा बोळा बांधून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावायचा, दोरा आपसूक येतो. तारेला टाल्कम पावडर चोळली की ती घसरते. आत जुनी तार असेल तर सगळ्यात सोपं. तिलाच नवी बांधायची.

मी तेच केलं. मेन स्विच बंद करून फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तिन्ही नव्या तारा जुनीच्या टोकाला एकत्र पिळल्या, वर भरपूर टेप गुंडाळली. वर जाऊन ओढायला लागले. वळणावर सांधा अडकला तो अडकलाच. तळहात सोलून निघाले. "ढकल की गं आई!" मी ओरडले.

खालून आवाज आला, "आगु!"

म्हणजे थांब. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण गिऱ्हाइकासमोर आई कधी तेलुगूत ओरडत नाही. मी तणतणत खाली गेले. "आता तू शिकव मला," म्हणाले. म्हणायला नको होतं.

आईनं तारा मागं ओढून सांधा बाहेर काढला. टेपचा गोळा दोन बोटांत धरून म्हणाली, "एवढा गड्डा कुठल्या फणीतनं गेला असता?" मागावर जुना ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की त्याच्या धाग्यांना नवे धागे सांधतात. त्या गाठी मागाच्या फणीच्या बारीक फटींतून जाव्या लागतात. शेजारच्या गाठी एका रांगेत आल्या तर एकमेकींत अडकतात, म्हणून आई त्या पुढंमागं बांधायची. तिनं पहिली तार जुनीच्या टोकाला बांधली, दुसरी चार बोटं मागं, तिसरी आणखी चार बोटं मागं. टेपचा एकेकच वेढा, वरून पावडर चोळली.

मी वर जाऊन ओढलं. वळणावर जराशी थबकून तार सरळ माझ्या हातात आली. मी चक्क ओरडले.

काकांनी लगेच मोबाइल काढला. भिंत फोडायला त्यांनी गवंडी आधीच सांगून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर आला. "येऊ नगंस," ते म्हणत होते. "व्हय, झालं. भिंत हाय तशी हाय. पोरीनं केलं."

हेच ऐकायला तर मी सकाळपासून घाम गाळत होते. आई जिन्याच्या पायरीवर बसून पावडरीचे हात पदराला पुसत होती.

"काका," मी म्हणाले, "नीट सांगा की त्याला. माझ्या आईनं केलंय."