मुठीची परीक्षा

अंबाजोगाईत आमच्या शेजारचे काका खिडकीत आफ्रिकन व्हायोलेट फुलवतात, पण बोलतात फक्त मातीबद्दल. कुणाच्याही कुंडीतली ओली माती ते मुठीत दाबतात आणि मूठ उघडतात. गोळा भुरभुरून सुटला तर पास. आपल्या काळ्या मातीचा गोळा काही सुटत नाही. "लई चिवट! मुळांचा दम कोंडतो हिच्यात," म्हणत ते लगेच हात धुतात. माझ्या तुळशीची माती त्यांनी कधीच नापास केली. तुळस बिचारी वाढतेच आहे. त्यांच्या कुंड्यांत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि परलाइटचे हलके पांढरे दाणे असतात, पोत्यानं मागवलेले.

घटस्थापनेच्या सकाळी काका परात घेऊन दारात उभे.

"रानातली माती हाय का? घटाला पायजे."

"कशाला? तुमच्याकडं तर पोती हायत की!"

"त्यात माती न्हाई," ते पुटपुटले.

चकलांब्याच्या आमच्या रानातून आणलेली ओलसर माती मी परातीत ओतली. सवयीनं त्यांनी मूठभर उचलली, दाबली, मूठ उघडली. गोळा तसाच घट्ट. मी निकालाची वाट बघत राहिलो.

"देवीला चालती," ते म्हणाले आणि हात न धुताच घरी गेले.